निळ्या ड्रमचं झाकण

माती

मुळ्याला भुसभुशीत माती लागते. ढेकूळ फोडायचं, खडा वेचायचा. मुळी खाली उतरताना काही आडवं आलं की ती फाटते. एका मुळ्याला दोन पाय फुटतात, कधी तीन, आणि असा मुळा बाजारात कोणी हातात घेत नाही.

बकारामला दोन मुलगे होते. आता एक आहे.

केशोरीच्या पुढे, जंगल लागायच्या अलीकडे, बोडीच्या पाळीखाली त्यांचं पॉलीहाऊस. बोडी म्हणजे लहान तळं. ती बकारामच्या पणजानं खोदली. ते कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारी जात; कोहळ्याला जमीन दाखवा, तो आधी तिचा उतार बघतो. पणजानं उतार बघितला, बांधाची पाळ घातली आणि मेला. पाळ अजून झिरपत नाही.

पॉलीहाऊस सरकारी योजनेतून बकारामच्या नावावर आलं, आणि आलं त्या दिवसापासून घरात भांडण. थोरला देवानंद म्हणे, आत फक्त शेणखत जाईल. धाकटा वीरेंद्र म्हणे, शेणच टाकायचं होतं तर प्लास्टिक कायले ताणलं? शेवटी बकारामनं आत मधोमध सुतळी बांधली.

"दोघंही मुळा लावा," तो म्हणाला. "आपापल्या खतानं. ज्याचा मुळा सरस, त्याचं हे घर. दुसऱ्यानं धानाच्या बांध्या कसाच्या अन् तोंड बंद ठेवाचं."

त्याला वाटलं, भांडण मातीत जिरेल.

खत

उगवतीची बाजू देवानंदची. त्याचं सारं खत एका गाईच्या पोटातून येई. गाय ठिपक्यांची, नाव कबरी. तिचं शेण, तिचं मूत, त्यात गूळ, बेसन, पाळीवरच्या जांभळाखालची मूठभर माती. हे तो काठीनं ढवळे, नेहमी एकाच दिशेनं, तोंडानं काहीतरी पुटपुटत. त्याचं लग्न झालं नव्हतं. शेजारचा उदाराम पाळीवरून जाताना ओरडायचा, "काऊन देवा, वहिनी कशी आहे?" देवानंद हसून शेणाचा गोळा त्याच्या अंगावर भिरकावायचा. कबरीही मान वर करून बघायची.

मावळतीची बाजू वीरेंद्रची. युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश. तो युरिया निळ्या ड्रममध्ये विरघळवी आणि ठिबकच्या नळ्यांतून मुळाशी सोडी. ड्रम दाराबाहेर, पळसाच्या सावलीत. वर झाकण, झाकणावर फुटक्या जात्याचा तुकडा. वीरेंद्र गोंदियाला होस्टेलवर राहून शिकलेला, रागावला की हिंदीत शिरायचा.

"दादा, तुया मुळ्याले गोबर की बास मारते. गिऱ्हाईक नाक दाबून खाईल."

"तुया खाल्ला तर दवाखान्यात जाईल."

"पौधे को क्या मालूम नत्र कुठून आलं? त्याले नत्र पायजे, बस."

"म्हनजे बाप कोन हे त्याले माहीत नाई. तुयासारखंच."

वीरेंद्र सुतळी ओलांडून आला. पहिली थप्पड त्याची, पहिलं रक्त देवानंदच्या ओठाचं. मग दोघं वाफ्यात लोळले, अंकुरांवर. सुमित्राबाई, त्यांची माय, खराटा घेऊन धावली आणि दोघांना सारखंच झोडपलं, एकाला दोन तर दुसऱ्यालाही दोन. "मरा," ती म्हणाली. "पन एक एक करून मरा. दोघाईले एकदम उचलाले मानसं नाहीत घरात."

त्या दिवशी सगळे हसले. वीरेंद्रची बायको दामिनी तर पदर तोंडात घालून हसली. देवानंदनं भावाच्या दंडाला हळद लावली, वीरेंद्रनं त्याच्या ओठाला.

विरळणी

दोन पानं सुटली की विरळणी करायची. दोन रोपं फार जवळ आली तर त्यातलं मरतुकडं उपटायचं. दोन्ही सारखी असली तर हाताला येईल ते.

कबरीनं विरळणी केली नाही. तिनं चरायला सुरुवात केली.

उन्हाळा चढत होता, रानात हिरवं काही उरलं नव्हतं, आणि प्लास्टिकच्या मागे वीरेंद्रचा मुळा मांडीइतका पालेदार उभा होता. एका सकाळी कबरीनं शिंगानं प्लास्टिक फाडलं, मान आत घातली आणि एक ओळ साफ केली. देवानंदच्या बाजूला तोंडही लावलं नाही. दोघांमध्ये हे सर्वात जास्त झोंबलं कोणाला, सांगता येत नाही.

वीरेंद्रनं ठिबकची नळी उपसली आणि गाईच्या पाठीवर वळ उठेपर्यंत मारलं. देवानंद मध्ये पडला. काही वळ त्याच्या अंगावर उठले.

"तुया गाईले एक दिवस दाखवतो," वीरेंद्र म्हणाला. उदाराम पाळीवर उभा होता, त्यानं ऐकलं. दामिनीनं ऐकलं. सुमित्राबाईनं ऐकलं. देवानंदनं ऐकलं. त्यानं गाईच्या पाठीवरून हात फिरवला, हात ओला झाला, तो त्यानं सदऱ्याला पुसला.

त्याच दुपारी वीरेंद्र पोटॅश आणायला केशोरीला निघाला. जाता जाता दामिनीला सांगून गेला: ड्रममध्ये युरिया कालवला आहे, कोणी हात लावू नका. दामिनीनं ते सासऱ्याला सांगितलं.

"मामाजी, निळ्या ड्रमले हात नका लावू म्हनाले."

"हो हो," बकाराम म्हणाला.

पाणी

बकाराम तीस वर्षं गावाच्या मोठ्या तलावाचा पाणकर होता. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आज, कोणाच्या उद्या, हे तो ठरवी. त्यापायी कुऱ्हाडी निघत. धानाची रोवणी अडली की सख्खे भाऊ पाळीवर एकमेकांच्या मानेवर धार ठेवून उभे राहत.

तेव्हा बकाराम एक गोष्ट करी. त्याच्या बापानं केली होती, आज्यानं केली होती. तो भांडणाऱ्यांच्या मध्ये जात नसे. तो तलावाच्या तोंडाशी जाई आणि पाणी अडवणारी खुंटी पूर्ण उपसून टाकी. पाणी ना याच्या बांधीत जाई, ना त्याच्या; सरळ नाल्यात. आणि तो ओरडे: "पानी चाललं!"

कुऱ्हाडी पडत. ज्यांनी एकमेकांचं रक्त बघायची तयारी केली होती, ते तोंड बुजवायला एकाच वेळी पाण्यात उड्या घेत. धानाचा पेंढा, म्हणजे तणस, चिखल, अंगातला सदरा, जे मिळेल ते कोंबत. कोहळी माणूस रक्त वाहताना बघेल. पाणी वाया जाताना नाही.

देवानंद लहानपणी बापाबरोबर पाळीवर असे. एकदा त्यानं उघडं तोंड छातीनं दाबून धरलं होतं, मोठी माणसं येईपर्यंत. वीरेंद्र तोवर गोंदियाला गेला. त्यानं पाणी पाहिलं ते नळाचं. पुढे मोटारीचं.

आणखी एक रीत होती त्या घराची. पाणकराच्या दारातलं पाणी झाकायचं नाही. गुरं येतील, वाटसरू येईल, पाखरं येतील. सुमित्राबाई माठावर झाकणी ठेवी, बकाराम काढून ठेवी. तिनं ठेवायची, यानं काढायची. सारं आयुष्य. म्हातारपणी तर हात आपोआप चाले. झाकण दिसलं की निघालं.

झाकण

ऊन तापलेलं. कबरी पळसाखाली जीभ काढून उभी, पाठीवर वळ, वळांवर माश्या. तिनं ड्रमला नाक लावलं आणि फुरफुरली.

बकारामनं जात्याचा तुकडा उचलून खाली ठेवला.

झाकण काढलं.

"पी माय," तो म्हणाला.

आणि पळसाला पाठ टेकून डोळे मिटले.

कबरी

कबरी मेली.

नाही. आधी ती प्याली, खूप वेळ, कान हलवत. मग मान वर करून उभी राहिली.

कबरी मेली. नाही. आधी तिच्या कातड्याला थरथर सुटली, जशी माशी बसल्यावर सुटते, पण अंगभर, आणि थांबेना. तोंडातून लाळेची तार लोंबली. पोट एका बाजूनं वर आलं, ढोलासारखं. ती हंबरली, आणि तो आवाज गाईचा नव्हता. बकाराम जागा झाला. सुमित्राबाई चिंचेचं पाणी घेऊन धावली, बांबूच्या नळीनं घशात ओतलं. निम्मं बाहेर आलं. गाय आडवी पडली, पाय झाडू लागली, एक लाथ सुमित्राबाईच्या गुडघ्यावर बसली आणि तीही आडवी पडली. दोघी मातीत, शेजारी शेजारी. गाईनं मान मागे ताणली, इतकी की शिंग पाठीला लागलं.

मग कबरी मेली.

तोवर देवानंद बांध्यांकडून धावत आला होता. तो गाईकडे बघत नव्हता. तो उघड्या ड्रमकडे बघत होता. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकला.

बकाराम तोंड उघडून उभा होता. एक वाक्य होतं त्याच्याकडे. मी काढलो. एवढंच. ते घशापर्यंत येई आणि देवानंदचा चेहरा बघून मागे फिरे.

काढणी

मुळा ओढून काढायचा नसतो. आधी पाणी देऊन माती नरम करायची, मग पाल्याला धरून अलगद वर घ्यायचा.

देवानंदनं ओढला. सुतळी तोडून तो वीरेंद्रच्या बाजूला शिरला आणि दोन्ही हातांनी उपटत सुटला. आत प्लास्टिकखाली भट्टी पेटलेली, घाम डोळ्यांत जात होता. उपटायचा, आपटायचा, पायानं चिरडायचा. आणि मग तो थांबला. हातात मांडीइतका पाला होता आणि त्याच्या टोकाला उंदराच्या शेपटीएवढी मुळी. त्यानं दुसरा उपटला. तसाच. सगळे तसेच. युरियानं नुसतं पान वाढवलं होतं.

त्याला हसू फुटलं. गाय मेलेली, आणि तो हसला. मग तो स्वतःच्या बाजूला गेला आणि एक मुळा काढला. दोन पाय. दुसरा काढला. तीन पाय, एकमेकांत पिळलेले. घाई झाली होती त्याला. शेणखत कुजायच्या आत घातलं होतं. मुळी कच्च्या शेणाला अडून फाटली होती.

कोणाचाच मुळा सरस नव्हता.

मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

दाराशी

वीरेंद्र: (पोटॅशची पिशवी खांद्यावर) काय झालं? काऊन रडून राहिली माय?

देवानंद: ये. पाहून घे. दाखवतो म्हनला होता ना? दाखवला.

वीरेंद्र: ड्रम कोन उघडला? मी झाकून गेलतो. पत्थर ठेवून गेलतो!

देवानंद: गाईनं पत्थर उचलला असेल. शिकेल होती ना ती गोंदियाले.

वीरेंद्र: दादा, कसम से. मी मारली तिले, हो. जहर नाई देल्लो.

दामिनी: भाऊजी, ते बोलून गेलते मले, हात नका लावू म्हनून—

देवानंद: तू चूप राहा.

वीरेंद्र: तिले काय बोलून राहिला? मले बोल!

देवानंदनं तीन पायांचा मुळा वीरेंद्रच्या तोंडावर फेकला. मग डोकं त्याच्या पोटात घुसवलं. पोटॅशची पिशवी फुटली, लाल भुकटी दोघांच्या अंगावर सांडली. वीरेंद्रनं त्याचे केस धरून नाकावर गुडघा हाणला. हाड मोडल्याचा आवाज सुमित्राबाईला ऐकू आला, ती ओरडली. देवानंदचा चेहरा तांबडा, भुकटीनं की रक्तानं ते कळेना. तो तसाच पुढे येत राहिला. बैलाच्या ताकदीचा माणूस. त्यानं भावाचा गळा कोपरात पकडला, ओढत ड्रमपाशी नेलं आणि डोकं आत घातलं.

"पी!" तो म्हणाला. "तिनं पेली. तू बी पी."

बुडबुडे आले. वीरेंद्रचे पाय माती उकरत होते. दामिनी देवानंदच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, चावत होती. त्याला जाणवत नव्हतं. त्यानं डोकं वर काढलं, वीरेंद्रनं हवा ओढली, डोकं परत आत गेलं.

आता ते वाक्य बाहेर आलं.

"देवा! झाकन मी काढलो! गाईले तहान लागली होती, मी काढलो!"

देवानंदनं मान वळवली. नाकातून रक्त, डोळ्यांत पाणी.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जवळजवळ मायेचा होता. "तुमी नेहमीच लहान्याले वाचवत आले. वावर विकून त्याले शिकवले, मले पाळीवर ठेवले. आता तरी खोटं नका बोलू."

"खरं बोलून राहिलो रे! तुया गाईची कसम!"

"तिची कसम नका घेऊ."

आणि हाताचा जोर वाढला. बुडबुडे कमी झाले. पाय माती उकरायचे थांबत आले.

बकारामनं जात्याचा तुकडा उचलला. ड्रमच्या काठावर देवानंदचं मनगट टेकलेलं होतं. त्यावर त्यानं तो आपटला.

ओलं लाकूड मोडावं तसा आवाज. देवानंदनं हात बाहेर घेतला. पंजा भलत्याच दिशेला वळला होता. तो गुडघ्यावर बसला. बापाकडे बघत राहिला, जणू आता त्याला सगळं नक्की समजलं.

वीरेंद्र ड्रमसकट कोसळला. पाणी सांडलं. त्यानं ओकारी काढली, खोकला, पुन्हा ओकला. उठला तेव्हा त्याच्या हातात सब्बल होती. पॉलीहाऊसच्या खांबांसाठी खड्डे खणायची लोखंडी सब्बल, दाराशीच टेकवलेली असे.

"मारून राहिला होता मले," तो म्हणाला. कोणालाच नाही. "भाई होके."

"विरू," सुमित्राबाई म्हणाली. तिला उठता येत नव्हतं, ती हातांवर सरपटत होती. "विरू, ठेव ते. मायचं ऐक."

तो ऐकत नव्हता. तो देवानंदच्या दिशेनं चालत होता, सावकाश, कारण घाई नव्हती. देवानंद मोडका हात पोटाशी धरून बसला होता. तोही उठत नव्हता. "ये," एवढंच म्हणाला.

बकारामला धावता आलं असतं. मध्ये उभं राहता आलं असतं. पण पाणकर भांडणाऱ्यांच्या मध्ये जात नाही. त्याचा बाप गेला नव्हता, आजा गेला नव्हता.

बोडीवरची पाण्याची मोटार चालू होती. बोडीतून येणारा पाइप ड्रमच्या मागून आत जात होता, पाणी भरून तटतटलेला. बकारामनं जात्याचा तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला आणि पाइपच्या जोडावर घातला. पाइप फुटला. पाणी माणसाच्या उंचीनं उसळलं.

"पानी चाललं!" बकाराम ओरडला. तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. "पानी चाललं रे!"

देवानंद वळला.

तो विचार करून वळला नाही. ज्यानं लहानपणी तलावाचं तोंड छातीनं दाबलं, त्याचं अंग वळलं. मोडका हात विसरून तो गुडघ्यांवरच पाण्याकडे झेपावला, चांगला पंजा फुटक्या तोंडावर दाबला, छाती त्यावर टेकवली. "तनस आना," तो म्हणाला. "कोनी तरी तनस आना."

त्याची पाठ वीरेंद्रकडे होती.

वीरेंद्रनं पाण्याकडे बघितलंच नाही. पाणी म्हणजे बटण. बटण दाबलं की येतं, दाबलं की जातं.

सब्बल एकदा उठली. मग आणखी एकदा.

दुसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, मऊ. देवानंदची मान पाइपवर झुकली. छाती तिथेच होती. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून वाफ्यांत शिरत होतं, आधी तांबडं, मग गढूळ. सुतळीचा तुकडा तरंगत बाहेर आला. त्यामागून पालाच पाला असलेले मुळे, पाय फुटलेले मुळे, एकमेकांत मिसळून. गाईच्या उघड्या डोळ्यापर्यंत पाणी पोचलं.

दामिनी धावत बोडीकडे गेली आणि तिनं मोटार बंद केली.

पाणी थांबलं. इतकं सोपं होतं ते.

वीरेंद्र उभा होता. सब्बलीवरून थेंब पडत होते. आता कुठे त्यानं इकडे तिकडे बघितलं: ड्रमकडे, झाकणाकडे, जात्याच्या तुकड्याकडे. ड्रममध्ये डोकं असताना काहीतरी ऐकू आलं होतं, पाण्यातून, लांबून.

"बाबा," तो म्हणाला. "झाकन कोन काढलं होतं?"

"मी," बकाराम म्हणाला.

या वेळी त्याच्यावर विश्वास बसला. वीरेंद्रच्या हातातून सब्बल निसटली.

पाळीवर उदाराम येऊन थांबला होता. त्याच्यामागे आणखी माणसं येत होती; ती ओरडत होती, विचारत होती. बकाराम चिखलात बसला. त्यानं मुलाचा पंजा पाइपच्या तोंडावरून हळूच बाजूला केला आणि तिथे आपला ठेवला. आत पाणी नव्हतं. तरी तो दाबून बसला, दोन्ही हातांनी, आणि लोकांनी उठवायला धरलं तेव्हा म्हणाला, "तनस आना आधी."